युद्ध टळेल का, आणि सुटका कधी?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी हयातभर इतिहास शिकवला. म्हणून इतिहास कसा वाचावा, याच विषयावर आज बोलावे असे मी ठरवले. पण हा विषय मोघम ठेवला की हाती काही लागत नाही. त्यासाठी एकच प्रकरण निवडले आहे : अमेरिकेतील यादवी युद्ध, आणि त्यातही ते पेटण्यापूर्वीचा काळ. ६ नोव्हेंबर १८६० रोजी अब्राहम लिंकन निवडून आले. १२ एप्रिल १८६१ रोजी पहाटे साडेचार वाजता चार्ल्सटनच्या बंदरात पहिली तोफ उडाली. मधले हे पाच महिने, आणि त्यांच्या मागची दहा-बारा वर्षे, एवढाच आजचा पल्ला.

या काळावर इंग्रजीत उत्तम कथनात्मक इतिहास लिहिले गेले आहेत. डेव्हिड पॉटर यांचा ‘द इम्पेंडिंग क्रायसिस’ हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर डॉन फेरेनबाकर यांनी पुरा करून १९७६ साली प्रसिद्ध केला. १८४८ ते १८६१ हा काळ समजून घ्यायला आजही त्याच्याइतका भक्कम आधार क्वचितच सापडेल. ब्रूस कॅटन यांचा ‘द कमिंग फ्युरी’ १९६१ सालचा. एरिक लार्सन यांचे ‘द डेमन ऑफ अनरेस्ट’ अगदी अलीकडचे, २०२४ चे. ते जवळपास याच पाच महिन्यांची कहाणी सांगते. हे ग्रंथ हातात घेतले की खाली ठेववत नाहीत. शेवट ठाऊक असूनही ते आपल्याला धरून ठेवतात, आणि तिथूनच माझा मुद्दा सुरू होतो.

माझे म्हणणे आधीच मांडून टाकतो. युद्धापूर्वीचा इतिहास गोष्टीसारखा वाचताना आपण एकच प्रश्न उराशी धरून पाने उलटत असतो : युद्ध टळेल का? हा प्रश्न खोटा नाही. त्या काळची शेकडो शहाणी माणसे त्याच प्रश्नाने रात्र रात्र जागत होती. पण तो स्वतंत्र माणसांचा प्रश्न होता. त्याच देशात १८६० च्या जनगणनेनुसार ३९ लाख ५३ हजारांहून अधिक माणसे गुलामीत होती. त्यांच्यापुढचा प्रश्न निराळा होता : आमची सुटका कधी? पहिल्या प्रश्नात जीव गुंतवावा आणि दुसरा नजरेआड होऊ देऊ नये, तरच हा इतिहास नीट वाचला असे म्हणता येईल.

आधी पहिल्या प्रश्नाकडे वळू, कारण कथनात्मक इतिहासाचे बळ तिथे दिसते. पानिपताची बखर वाचताना आपण सगळे तिळसंक्रांतीच्या त्या दिवसाची धास्ती घेऊनच वाचतो. पण बखरीतली माणसे तो दिवस उजाडेपर्यंत कसल्या कसल्या आशेवर होती, हे कळायला आपल्याला ठाऊक असलेला निकाल घटकाभर बाजूला ठेवावा लागतो. चांगला कथनकार हे काम वाचकाकडून करून घेतो. तो तारखेमागून तारीख, पत्रामागून पत्र पुढे ठेवतो आणि त्या दिवशी त्या माणसाला जेवढे माहीत होते, तेवढेच आपल्यालाही सांगतो.

चार्ल्सटन बंदराच्या तोंडाशी असलेला समटर किल्ला घ्या. २० डिसेंबर १८६० रोजी साउथ कॅरोलायनाच्या परिषदेने १६९ विरुद्ध शून्य मतांनी संघराज्यातून फुटून निघण्याचा ठराव केला. त्या बंदरातल्या संघराज्याच्या शिबंदीचा प्रमुख होता मेजर रॉबर्ट अँडरसन. हा माणूस मूळचा केंटकीचा, म्हणजे गुलामी असलेल्याच राज्यातला, सासुरवाडी जॉर्जियाची, दक्षिणेविषयी आपुलकी बाळगणारा, पण निशाणाशी इमान राखणारा. २६ डिसेंबरच्या रात्री अंधाराचा फायदा घेऊन त्याने आपली माणसे किनाऱ्यावरच्या मूल्ट्री किल्ल्यातून होड्यांनी समटरमध्ये हलवली. रक्तपात टळावा म्हणून त्याने हे केले. चार्ल्सटनच्या लोकांना मात्र तो विश्वासघात वाटला. एकाची सावधगिरी दुसऱ्याला चिथावणी वाटावी, असे या पाच महिन्यांत पुन्हा पुन्हा घडते.

समटरचे बांधकाम अजून पुरे झालेले नव्हते. साडेसहाशे सैनिकांसाठी आखलेल्या त्या किल्ल्यात अँडरसनजवळ जेमतेम ८५ माणसे होती. समोर चहूबाजूंच्या किनाऱ्यांवर तोफांचे मोर्चे दर आठवड्याला वाढत होते. पण त्याच वेळी किल्ल्यात टपाल येत-जात होते आणि शहराच्या बाजारातून मांस-भाजी विकत आणण्याची मुभाही होती. ज्यांच्यावर तोफा रोखलेल्या, त्यांनाच आपल्या बाजारातून भाजी पुरवायची! ही मुभा ७ एप्रिलला बंद झाली. म्हणजे गोळीबाराच्या पाच दिवस आधीपर्यंत उद्या काय होणार, याबद्दल कोणाचीच खात्री नव्हती. ‘युद्ध अटळ होते’ असे एका वाक्यात सांगणारे पाठ्यपुस्तक ही भाजी कधीच दाखवत नाही.

किल्ल्यावर मोर्चे बांधणारा सेनापती बोरगार्ड हा वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात अँडरसनचाच विद्यार्थी. तोफखान्याचे शास्त्र त्याच्याकडून शिकलेला. ११ एप्रिलला त्याने किल्ला रिकामा करण्याची मागणी पाठवली. अँडरसनने नकार दिला, पण निरोप्यांना जाता जाता सांगितले की थोड्याच दिवसांत उपासमारीने आम्हाला बाहेर पडावेच लागेल. १२ तारखेला पहाटे तीन वाजून वीस मिनिटांनी त्याच्या हाती चिठ्ठी पडली : तासाभरात तोफा सुरू होतील. शिधा संपायला थोडेच दिवस उरले असताना ज्यांना वाट पाहवली नाही, त्यांनी हे युद्ध सुरू केले.

रॉजर प्रायर नावाचा व्हर्जिनियाचा एक पुढारी होता. १० एप्रिलला चार्ल्सटनमध्ये त्याने लोकांसमोर आवेशाने भाषण केले. त्याचा आशय असा की तोफ डागा, म्हणजे व्हर्जिनिया घटकेत तुमच्या बाजूला येईल. दोन रात्रींनंतर तो तोफखान्याजवळ उभा असताना तिथल्या कॅप्टनने पहिला गोळा उडवण्याचा मान त्याला देऊ केला. प्रायरने तो नाकारला. युद्धाची पहिली तोफ आपल्या हातून उडावी, हे त्याला झेपेना. हे वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ विचार करत राहिलो. भाषणातले युद्ध आणि हाताने पेटवायचे युद्ध यांतले अंतर त्या माणसाला त्या क्षणी कळले. दुर्दैव असे की भाषणाने आपले काम तोवर केले होते, आणि गोळा उडवायला दुसरा हात तयारच होता.

आता एका आकड्याकडे लक्ष द्या. फेब्रुवारीपासून रिचमंड शहरात व्हर्जिनियाची परिषद भरली होती. दक्षिणेतील सर्वांत जास्त लोकसंख्येचे हे राज्य, आणि गुलामांची संख्याही तिथेच सर्वाधिक. ४ एप्रिलला फुटून निघण्याचा प्रस्ताव मतास टाकला गेला : बाजूने ४५, विरुद्ध ८८. प्रस्ताव पडला. मग समटरवर गोळीबार झाला. १५ एप्रिलला लिंकन यांनी बंड मोडण्यासाठी राज्यांकडे ७५,००० सैनिक मागितले. १७ तारखेला रिचमंडमध्ये पुन्हा मतदान झाले : बाजूने ८८, विरुद्ध ५५. तेरा दिवसांत ८८ हा आकडा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला. सात राज्ये तोवर फुटलेली होती. व्हर्जिनियापाठोपाठ आणखी तीन फुटली. दक्षिणेची राजधानी रिचमंडला आली आणि दक्षिणेचा पुढे सर्वांत गाजलेला सेनापती रॉबर्ट ली याने आपल्या राज्याची बाजू धरली.

हा आकडा दोन टोकांच्या मतांना एकाच वेळी अडवतो. उत्तरेतले पुढारी विल्यम स्यूअर्ड यांनी १८५८ सालीच सांगितले होते की गुलामी आणि मुक्त श्रम यांचा संघर्ष दडपता येणारा नाही. पुढे अनेक इतिहासकारांनी तेवढ्यावरून युद्धच अटळ ठरवले. उलट जेम्स रँडल यांनी १९४० साली त्या पिढीच्या पुढाऱ्यांवर ठपका ठेवला : त्यांच्या हातून चुका झाल्या, भडक बोलणी झाली, आणि टाळता येण्यासारखे युद्ध ओढवले. व्हर्जिनियाचे मतदान पाहिले की पहिल्यांना सांगावेसे वाटते : निदान त्या वसंतात, त्या रूपात युद्ध यायलाच हवे होते असे नाही. आणि दुसऱ्यांना विचारावेसे वाटते : त्या पुढाऱ्यांनी चुका केल्या नसत्या, तर जे टिकले असते ते काय होते?

रँडल यांच्या भूमिकेतली त्रुटी ओळखायला फार खोल जावे लागत नाही. फुटून निघणाऱ्यांनी स्वतःच कारण लिहून ठेवले आहे. २४ डिसेंबर १८६० रोजी साउथ कॅरोलायनाने आपल्या निर्णयाची कारणे जाहीर केली. उत्तरेतील राज्ये पळून आलेले गुलाम परत करत नाहीत, ही त्यातली मुख्य तक्रार, आणि अशा राज्यांची नावेही दिली आहेत. मिसिसिपीच्या जाहीरनाम्यात सुरुवातीलाच सांगितले आहे की आमची भूमिका गुलामीच्या संस्थेशी पूर्णपणे एकजीव आहे. २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना शहरात फुटलेल्या राज्यांच्या नव्या राज्यसंघाचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी भर सभेत सांगितले की गोरा आणि काळा समान नाहीत आणि गुलामी ही काळ्यांची नैसर्गिक अवस्था आहे, हीच आमच्या नव्या सरकारची कोनशिला. युद्ध हरल्यावर याच स्टीफन्स यांनी आणि राज्यसंघाचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांनी जाडजूड ग्रंथ लिहिले आणि लढा राज्यांच्या हक्कांसाठी होता असे सांगितले. पराभवानंतर सांगितलेले कारण आणि लढाईपूर्वी सांगितलेले कारण शेजारी शेजारी ठेवावे. कथनाचा हा मोठा उपकार आहे की ते तारीख विसरू देत नाही.

राज्यांच्या हक्कांच्या गोष्टीचे खरे रूप पाहायचे तर १८५० चा पळालेल्या गुलामांसंबंधीचा कायदा पाहावा. उत्तरेत पळून आलेल्या माणसाला पकडून एका अधिकाऱ्यापुढे उभे करायचे. त्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नसे; ज्युरी नाही. अधिकाऱ्याने त्याला मालकाच्या हवाली केले तर शुल्क दहा डॉलर, सोडून दिले तर पाच. कागदपत्रांचे काम जास्त पडते, असे या फरकाचे समर्थन केले जाई. उत्तरेतील राज्यांनी असल्या अटकांना आडकाठी करणारे आपापले कायदे केले, तेव्हा राज्यांच्या हक्काची आठवण दक्षिणेला झाली नाही. संघराज्याची सगळी ताकद वापरून ते कायदे मोडून काढा, ही दक्षिणेचीच मागणी होती.

मे १८५४ मध्ये बॉस्टन शहरात अँथनी बर्न्स नावाचा व्हर्जिनियातून पळून आलेला तरुण या कायद्याखाली पकडला गेला. २ जूनला त्याला सैनिकांच्या पहाऱ्यात रस्त्यावरून चालवत जहाजापर्यंत नेले. हजारो लोक दुतर्फा उभे होते, इमारतींवर काळी कापडे टांगलेली होती. एका माणसाला गुलामीत परत धाडण्यासाठी राष्ट्राचे सैन्य शहरात उतरले. त्या दिवशी बॉस्टनमधल्या कापूस-कापडाच्या व्यापारावर श्रीमंत झालेल्या कुटुंबांचीही मने पालटली. पक्ष, ठराव, निवडणुका यांची जंत्री कितीही वाचली तरी हे पालटणे समजत नाही. बर्न्ससोबत त्या रस्त्याने चालावे लागते. त्याच आठवड्यात, ३० मेला, कॅन्सस-नेब्रास्का कायदा झाला. १८२० पासून गुलामीला उत्तरेकडे अडवून धरणारी रेषा त्याने पुसून टाकली. दोन वर्षांनी कॅन्ससमध्ये रक्त सांडले. त्याच सुमारास सिनेटच्या सभागृहात दक्षिणेतले प्रतिनिधी प्रेस्टन ब्रूक्स यांनी मॅसॅच्युसेट्सचे गुलामीविरोधी सिनेटर चार्ल्स सम्नर यांना काठीने बेशुद्ध पडेपर्यंत झोडपले, आणि दक्षिणेतल्या चाहत्यांनी ब्रूक्स यांना नव्या काठ्या भेट पाठवल्या. सम्नर यांची खुर्ची जवळजवळ तीन वर्षे रिकामी राहिली आणि मॅसॅच्युसेट्सने ती तशीच राहू दिली.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजेच कथनाच्या दुबळ्या बाजूकडे येतो. कथन कागदांवर जगते. पत्रे, रोजनिशा, तारा, अहवाल ज्यांनी लिहिले, त्यांच्या खिडकीतून ते जग दाखवते. चार्ल्सटनमध्ये लिहिता येणारे, लिहायला सवड असलेले आणि लिहिलेले पुढे जपले गेले असे बहुतेक सगळे मळेवाले होते. त्यांच्यासाठी काम करणाऱ्यांना अक्षरओळख देणे हा दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुन्हाच होता. साहजिकच आपण कितीही सावध असलो तरी मळेवाल्यांच्या दिवाणखान्यात बसूनच ही कहाणी ऐकतो. त्यांच्या बोलण्यातली ऐट, भीती, विनोद, प्रेमप्रकरणे सगळे आपल्याला कळते, आणि नकळत आपण त्यांच्या काळजीत सामील होतो.

मेरी चेस्नट यांची रोजनिशी यातली सर्वांत प्रसिद्ध. त्यांचे पती जेम्स चेस्नट हे सिनेटचा राजीनामा दिलेले पुढारी. बोरगार्डचा निरोप घेऊन अँडरसनकडे जे लोक त्या रात्री होडीतून गेले, त्यांत ते होते. फुटून निघण्यामुळे जे रक्त सांडेल ते सगळे मी पिऊन टाकीन, असे हेच चेस्नट म्हणाल्याचे सांगतात. पहाटे तोफा सुरू झाल्या तेव्हा मेरीबाई घराच्या गच्चीवर गेल्या. शेजारच्या गच्च्यांवरही बायकामाणसे जमली होती, बंदरावर उजेडाच्या रेघा उमटत होत्या. त्या पहाटेचे वर्णन वाचताना अंगावर काटा येतो.

पण त्याच रोजनिशीत थोडे पुढे एक नोंद आहे, आणि माझ्या मते या सगळ्या वाचनातली ती सर्वांत मोलाची जागा आहे. मेरीबाई लिहितात की तोफांचा एवढा गडगडाट चालला असता घरातल्या नोकरांच्या, म्हणजे गुलामांच्या, वागण्यात तसूभर फरक दिसत नाही. पतीचा खासगी नोकर लॉरेन्स दाराशी बसला आहे : पेंगुळलेला, अदबशीर आणि पूर्ण निर्विकार. त्यांच्यासमोर सगळे बोलले जाते, जणू ते खुर्च्या-टेबले आहेत. यांना काही कळत नाही की हे आपल्याहून शहाणे आहेत, गप्प राहून आपली वेळ येण्याची वाट पाहत आहेत, असा प्रश्न मेरीबाईंना पडतो.

इथे आपण थांबायला हवे. लॉरेन्सला काय वाटत होते? त्याने लिहून ठेवलेले काही आपल्यापर्यंत आलेले नाही. पण तो दाराशी बसून जे ऐकत होता, त्यात त्याच्या सगळ्या आयुष्याचा निकाल होता. शिवाय ही रोजनिशी आज आपण ज्या रूपात वाचतो, ते बरेचसे मेरीबाईंनी १८८० च्या दशकात पुन्हा लिहून काढलेले आहे. सी. व्हॅन वुडवर्ड यांनी १९८१ साली तिची आवृत्ती संपादित केली, तेव्हा हे नीट उलगडले. त्या पहाटेची म्हणून आपण जी वाक्ये वाचतो, त्यांवर वीस वर्षांनंतरचा, पराभवानंतरचा हात फिरलेला आहे. लॉरेन्सच्या गप्प राहण्यामागे शहाणपण असावे हे बाईंना त्या रात्रीच जाणवले की गुलामी संपल्यावर, हे प्रत्येक वाचकाने मनात ठेवूनच ती नोंद वाचावी. त्यामुळे तिचे मोल कमी होत नाही. आपले वाचन मात्र जागे राहते.

आणि बोलणारे कोणीच नव्हते असेही नाही. हॅरिएट जेकब्ज यांनी नॉर्थ कॅरोलायनातल्या आपल्या गुलामीची आणि सुटकेची हकिगत टोपणनावाने लिहिली. ती पुस्तकरूपाने आली १८६१ च्या सुरुवातीलाच, म्हणजे समटरवर तोफा रोखल्या जात होत्या त्याच दिवसांत. आजीच्या घराच्या माळ्यावर, उभेही राहता येत नाही अशा सांदीत, त्या जवळजवळ सात वर्षे लपून राहिल्या होत्या. या काळावरचा कुठलाही मोठा ग्रंथ घेतला तर त्याच्या जोडीला हे छोटे पुस्तक ठेवावे, असे मी आग्रहाने सांगेन. आणि चार्ल्सटनच्याच बंदरात रॉबर्ट स्मॉल्स हा गुलाम खलाशी होता. त्या पाण्यातल्या वाटा आणि किल्ल्यांना द्यायचे इशारे तो मुकाट्याने शिकत होता. १३ मे १८६२ च्या पहाटे ‘प्लँटर’ हे जहाज, त्यावर आपले आणि सोबत्यांचे कुटुंबीय घेऊन, तो समटरच्या तोफांसमोरून अचूक इशारा देत बाहेर काढून उत्तरेच्या आरमाराकडे घेऊन गेला. पुढे तो अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात निवडून आला. लॉरेन्सबद्दल मेरीबाईंना पडलेल्या प्रश्नाचे एक उत्तर साधारण वर्षभरात त्याच बंदरातून निघून गेले.

आता या दोन प्रश्नांची खरी गाठ जिथे पडते, त्या तडजोडीच्या प्रयत्नांकडे वळतो. १८ डिसेंबर १८६० रोजी केंटकीचे वृद्ध सिनेटर जॉन क्रिटेंडन यांनी आपली योजना मांडली. १८२० ची जुनी रेषा थेट पॅसिफिकपर्यंत न्यायची, तिच्या दक्षिणेला गुलामीला कायमचे संरक्षण द्यायचे, आणि ही दुरुस्ती पुढे कोणालाही बदलता येऊ नये अशी तजवीज करायची. फेब्रुवारीत वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात माजी अध्यक्ष टायलर यांच्या अध्यक्षतेखाली २१ राज्यांची शांतता परिषद भरली. मार्चच्या सुरुवातीपर्यंत संसदेच्या दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी एक घटनादुरुस्ती मंजूर केली : राज्यांतील गुलामीला संघराज्याने कधीही हात लावू नये. खुद्द लिंकन यांनी ४ मार्चच्या शपथविधीच्या भाषणात या दुरुस्तीला आपला आक्षेप नसल्याचे सांगितले. नव्या प्रदेशांत गुलामी पसरू द्यायची नाही, एवढ्या एका मुद्द्यावर मात्र ते हटले नाहीत, आणि त्यावरच सगळ्या तडजोडी अडल्या.

कथनाच्या ओघात हे वाचताना आपल्याला वाटत राहते : जमावे, कसेही करून जमावे. पुढे सहा ते साडेसात लाख सैनिक मेले, हे आपल्याला ठाऊक असते. त्यामुळे प्रत्येक फसलेल्या ठरावावर मन चुकचुकते. ही चुकचुक माणुसकीचीच आहे, तिची लाज वाटू देऊ नये. पण त्या क्षणी स्वतःला विचारावे : ही तडजोड जमली असती, तर तिची किंमत कोणी मोजली असती? त्या हॉटेलातल्या परिषदेत एकही कृष्णवर्णीय माणूस नव्हता. दोन गोऱ्या बाजू सलोख्याने वागाव्यात म्हणून तिसऱ्याच्या नातवंडांनाही साखळीत ठेवायचे, असा तो करार होता. १८२० ची तडजोड तशीच, १८५० चीही तशीच. ज्या शांततेत चाळीस लाख माणसे विकत घेता आणि विकता येत होती, ती त्यांच्यासाठी शांतता कधीच नव्हती. मार्चमध्ये मंजूर झालेली ती दुरुस्ती पुरेशा राज्यांनी मान्य केली असती, तर घटनेची तेरावी दुरुस्ती झाली असती. डिसेंबर १८६५ मध्ये जी तेरावी दुरुस्ती प्रत्यक्षात आली, तिने गुलामी संपवली. एकाच क्रमांकाच्या जागेवर या दोन शक्यता होत्या, आणि मधे चार वर्षांचे युद्ध होते.

याचा अर्थ युद्ध चांगले असते असा कोणी काढू नये. मी एवढेच म्हणतो की या युद्धाचा पर्याय काय होता, हे मोजताना सगळ्यांची आयुष्ये तराजूत घालावीत. लिंकन यांना शेवटी हे उमगले होते असे मला वाटते. ४ मार्च १८६५ च्या आपल्या दुसऱ्या शपथविधीच्या भाषणात त्यांनी दोन गोष्टी शेजारी ठेवल्या : गुलामी हे युद्धाचे कारण आहे हे सगळ्यांना कुठेतरी ठाऊक होते, आणि युद्ध इतके मोठे, इतके लांब होईल हे कोणालाच अपेक्षित नव्हते. कारण उघड, परिणाम अज्ञात. या काळाचे वाचन कसे करावे, याचे याहून नेमके सूत्र मला सापडलेले नाही.

या सगळ्याशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध दोन आहेत. पहिला पैशाचा. युद्धामुळे दक्षिणेतली बंदरे अडली, अमेरिकेचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि मुंबईच्या बंदरातून जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला. वऱ्हाड-खानदेशचा कापूस, मुंबईतल्या पेढ्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या, शेअरांचा सट्टा, प्रेमचंद रायचंद यांचे साम्राज्य हे सगळे त्या लाटेवर उभे राहिले. एप्रिल १८६५ मध्ये ली शरण आला, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईतली कितीतरी घराणी धुळीला मिळाली. त्या चार वर्षांत मुंबईने अमेरिकेचे युद्ध वाचले ते भावाच्या पाटीवर.

दुसरा संबंध विचाराचा. युद्ध संपून आठ वर्षे झाली होती. १८७३ साली पुण्यात जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी निरपेक्षपणे त्याग केला. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवून शूद्र बांधवांना मुक्त करावे, अशी आशाही त्यांनी व्यक्त केली. जोतीरावांच्या नजरेसमोर ना समटरची भिंत होती, ना मेरीबाईंची गच्ची. हजारो मैलांवरून त्यांनी त्या युद्धाला एकच प्रश्न विचारला : कोण सुटले? मुंबईचा बाजार जे युद्ध कापसाच्या भावात मोजत होता, ते जोतीरावांनी माणसांच्या सुटकेत मोजले. इतिहास वाचण्याची ही मराठीतली आपली थोर परंपरा आहे. विद्वानांनी याच गोष्टीकडे यायला बराच वेळ घेतला. डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांनी १९३५ साली गुलामांनी स्वतःच मळे सोडून युद्धाचा निकाल कसा फिरवला, हे सविस्तर मांडले, आणि तेही प्रस्थापित इतिहासकारांनी बरीच वर्षे बाजूला ठेवले.

तेव्हा या ग्रंथालयात येणाऱ्या तरुण वाचकांना माझे सांगणे आहे. युद्धापूर्वीच्या काळाचे इतिहास जरूर वाचा, आणि गोष्टीसारखेच वाचा. त्यातली माणसे कशी हळूहळू, एकेक सुटे पाऊल टाकत, कोणी मानासाठी, कोणी भीतीपोटी, कोणी टाळ्यांसाठी, परतीची वाट बंद करत गेली ते पाहा. राज्यकर्त्याने शब्द कुठे सैल सोडला आणि सभेतला आवेश तोफेपर्यंत कसा पोहोचला, हे ओळखायला तिथे शिकता येते. तारखा लक्षात ठेवा. आधी काय म्हटले आणि नंतर काय म्हटले, हे ताडून पाहा. आणि जिथे जिथे दोन बलवान बाजूंची दिलजमाई चालली असेल, तिथे त्या बैठकीत कोणाला बोलावलेले नाही, हे आधी शोधा. त्यांची पुस्तके कमी असतील, छोटी असतील, टोपणनावाने लिहिलेली असतील. ती मुद्दाम मागून घ्या. ग्रंथपालांनी ती आणून द्यावीत, अशी विनंती मी या व्यासपीठावरून करतो.

लोकशाहीत राहणाऱ्या माणसाला तडजोड लागतेच, आणि ती करण्याची कला फार मोलाची आहे. पण दुसऱ्याच्या माणूसपणाचा सौदा करून झालेली तडजोड टिकत नाही आणि टिकूही नये. तिची थकबाकी पुढच्या पिढ्यांना व्याजासह फेडावी लागते. अमेरिकेने ती फेडली, अजून पुरती फिटलेली नाही. कुठल्याही समाजाने हा धडा स्वतःच्या रक्ताने पुन्हा शिकू नये, म्हणून इतिहास लिहायचा असतो, वाचायचा असतो आणि ज्यांच्या नावाने आपण इथे जमलो त्यांच्यासारखा जन्मभर शिकवायचा असतो.